पवईचा तलाव आणि सांडपाण्याची वाट

मुंबईतील पवई तलाव गेल्या काही वर्षांत पुन:पुन्हा वर्तमानपत्रांत झळकू लागला आहे. कधी जलपर्णीने झाकोळून गेलेल्या पाण्याचे छायाचित्र येते, तर कधी ती जलपर्णी उपसणाऱ्या यंत्रांचे. मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८९१ साली मिठी नदीच्या एका उपप्रवाहावर बांध घालून हा तलाव करण्यात आला. त्याचे पाणी पिण्याजोगे नाही हे थोड्याच काळात ध्यानात आले आणि शहराची तहान भागवण्याचे काम त्याच्याकडून गेले. उरला तो एक देखणा जलाशय. १९५८ साली त्याच्या काठी आय.आय.टी. आली, नंतर उंच गृहसंकुले आली, टेकड्यांच्या उतारावर वस्त्या वाढल्या, जुनी गावठाणे मध्येच अडकून पडली. तलावात मगरी आजही आहेत. त्यांच्या पाण्यात मात्र, महानगरपालिकेने २०२५ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, दररोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी येऊन मिळत होते.

यावर उपाय म्हणून पालिकेने योजना आखली. काही सांडपाणी मलनिस्सारण वाहिन्यांतून दूर वळवायचे आणि उरलेल्यासाठी रोज ८० लाख लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभारायचे, असे तिचे स्वरूप आहे. ही दिशा योग्य आहे, असे आम्हांस वाटते. यापूर्वी तलावाच्या नावाने जे बरेचसे झाले, ते काठाचे सुशोभीकरण होते. तलावाभोवती सायकलमार्ग व चालण्याचा मार्ग बांधण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवले, तेव्हा कोठे काठावरचा हा उत्साह थांबला. जलपर्णीचेही तेच. ती काढावी लागते हे खरे, परंतु ती मूळ रोग नव्हे. आपल्या घरातील शौचालय, मोरी आणि कपड्यांची धुण्याची पावडर यांतून स्फुरद आणि नत्र पाण्यात उतरतात. शेतकरी हीच द्रव्ये पैसे मोजून शेतात घालतो. तलावात ती फुकट पडतात आणि जलपर्णी व शेवाळ माजते. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे गुदमरतात. खत येत राहिले, तर उपसलेली जलपर्णी पुढच्या हंगामात पुन्हा हजर होणारच.

तथापि, शुद्धीकरण केंद्र बांधले म्हणजे तलाव वाचला, असे मानण्यात एक धोका आहे. तो समजण्यासाठी अमेरिकेतील सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराची हकीकत पाहणे उपयोगी ठरेल, कारण वस्तीने वेढलेले सरोवर सांडपाण्यातून बाहेर काढण्याचे इतके नीट नोंदवलेले उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

त्या सरोवराभोवती गावे वाढत गेली, तशी १९४१ ते १९५३ या काळात काठावर दहा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली. म्हणजे तेथील लोक बेफिकीर नव्हते. घाण पाणी ते शुद्ध करून मगच सरोवरात सोडत होते, आणि तरीही सरोवर बिघडत गेले. १९५५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्यात ‘ऑसिलेटोरिया रुबेसेन्स’ नावाचे शेवाळ आढळले. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराच्या ऱ्हासाच्या आरंभी हेच शेवाळ दिसले होते, म्हणून त्यांनी धोक्याची सूचना दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, सर्वसाधारण शुद्धीकरणाने पाण्यातील कुजणारी घाण आणि रोगजंतू कमी होतात, परंतु विरघळलेले स्फुरद मोठ्या प्रमाणात तसेच राहते. पाणी दिसायला निवळ असते, आणि शेवाळाच्या दृष्टीने ते खतच असते.

मग प्रश्न आला तो राजकारणाचा. सरोवराभोवती अनेक नगरपालिका, प्रत्येकीची आपापली नळयोजना, आपापला कर. जेम्स एलिस या वकिलाने पुढाकार घेऊन सर्वांसाठी एकच ‘मेट्रो’ संस्था असावी, असा आग्रह धरला. मार्च १९५८ मध्ये त्यावर मतदान झाले. सिएटल शहराने कौल दिला, पण उपनगरांनी प्रस्ताव फेटाळला. आमचे सांडपाणी आमच्यापुरते, शहराचा भार आम्ही का वाहावा, ही भावना मनुष्यस्वभावाला धरूनच होती. पुरस्कर्त्यांनी हार मानली नाही. क्षेत्राची हद्द आटोपशीर केली, घरोघरी जाऊन समजूत घातली आणि सप्टेंबर १९५८ मधील दुसऱ्या मतदानात प्रस्ताव मंजूर झाला. या कामासाठी लोकांनी स्वत:वर दरमहा आकार लावून घेतला, ही गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते.

१९६३ ते १९६८ या पाच वर्षांत सरोवराभोवती मोठ्या वाहिन्या टाकून शुद्ध केलेले सांडपाणीसुद्धा सरोवरात जाणे बंद करण्यात आले. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक पांढरी चकती दोरीने खाली सोडतात. १९६४ च्या उन्हाळ्यात ती एक मीटर खोलीच्या आतच दिसेनाशी होत होती. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागली. १९७६ नंतर शेवाळ खाणारे सूक्ष्म जलजीव वाढले आणि ती आणखी खोल दिसू लागली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते सांडपाणी नाहीसे झाले नाही. ते समुद्राच्या खाडीकडे वळवण्यात आले. तेथील मुख्य केंद्रात दीर्घकाळ केवळ प्राथमिक शुद्धीकरण होत असे. पुढच्या टप्प्याचे शुद्धीकरण १९९५ साली आले. खोल आणि भरती-ओहोटीने ढवळल्या जाणाऱ्या समुद्राने भार सोसला, एवढेच. शिवाय वॉशिंग्टन सरोवर खोल आहे आणि नदीचे स्वच्छ पाणी त्यात सतत येते. उथळ तलाव इतक्या सहज सुधारत नाहीत. स्वीडनमधील ट्रुमेन सरोवरात सांडपाणी सोडणे १९५८ सालीच थांबले, परंतु तळाच्या गाळात साठलेले स्फुरद पाण्यात उतरतच राहिले. १९७० व १९७१ साली गाळ शोषून काढला, तेव्हा कोठे ते सुधारले.

पवईचा तलाव आकाराने लहान, उथळ आणि गाळाने भरलेला आहे. म्हणून येथील योजनेविषयी नागरिकांनी विचारावयाचा पहिला प्रश्न आमच्या मते हा आहे: शुद्ध केलेले पाणी कोठे जाणार? ते तलावातच सोडायचे असेल, तर त्यातील स्फुरद आणि नत्र काढण्याची सोय त्या केंद्रात आहे काय, आणि त्याची मोजणी लोकांना पाहता येईल काय? ही सोय नसेल, तर आपण कोट्यवधी रुपये खर्च करून १९५३ सालच्या सिएटलपर्यंतच पोहोचू. गाळाचा प्रश्न त्यानंतरचा. आधी गाळ काढून मागाहून सांडपाणी थांबवणे म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत बसणे होय.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. आपल्या शहरांत पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे वेगळी आणि मलनिस्सारण वाहिन्या वेगळ्या, अशी रचना कागदावर असते. प्रत्यक्षात मलवाहिनी जवळ नसली वा जोडणी खर्चिक वाटली, की इमारतीचा नळ गुपचूप पावसाच्या गटारात सोडला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पावसाचे गटार वाहत असेल, तर त्यात वाहते ते पावसाचे पाणी नव्हे.

येथे बोट नेहमी वस्त्यांकडे दाखवले जाते. वस्त्यांतून सांडपाणी येते हे नाकारता येत नाही. परंतु जेथे मलवाहिनी पोहोचलेलीच नाही, तेथील रहिवाशाने जोडणी करावी तरी कशाला? वाहिनी दारात असूनही तिला न जोडलेल्या संकुलाचा दोष वेगळा आणि अधिक आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४ व्या अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांना खडसावतो. स्वत: स्वच्छ पाणी प्यायल्यावर उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांना तेच पिण्यास लावता काय, असा त्या जाबाचा आशय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पिण्यायोग्य शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच दुबळी मेंढरे होती. पवईचे ओसंडलेले पाणी मिठी नदीत जाते आणि मिठी ज्या वस्त्यांमधून वाहते, तेथील माणसांनी २६ जुलै २००५ रोजी त्या पाण्याचा अनुभव घेतला आहे.

वसईतील वाचकांना हे सारे मुंबईचे दुखणे वाटू नये. आपल्या वाड्यांतील बावखले पावसाचे पाणी जमिनीत जिरवीत आणि विहिरींचे पाणी गोडे ठेवीत. त्यांतील कित्येक बुजवली गेली. इसहाकाच्या बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्याचे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. येथे मात्र पलिष्टे बाहेरून आले नव्हते. जी बावखले आणि तळी उरली आहेत, त्यांच्या भोवती आता इमारती उभ्या आहेत. इमारतीला सेप्टिक टँक असतो, आणि त्यावर आपण निर्धास्त असतो. वास्तविक सेप्टिक टँकमध्ये मैला खाली बसतो आणि वरचे पाणी बाहेर पडते. ते शोषखड्ड्यात मुरते किंवा गटारात जाते. स्फुरद आणि नत्र त्या पाण्याबरोबर जातात. टँक वर्षानुवर्षे उपसला नाही, तर मैलाही जातो. वाळूमिश्रित जमिनीत आणि उथळ भूजलात शेजारच्या विहिरीपर्यंतचे अंतर फार नसते.

याबाबतीत धर्मग्राम पातळीवर करता येण्याजोगी काही कामे आहेत. चर्च, शाळा आणि धर्मभगिनींचे मठ यांच्या आवारातील टँक शेवटचे कधी उपसले आणि उपसलेला मैला टँकरने कोठे नेऊन रिकामा केला, याची नोंद आपल्या संस्थांनी प्रथम ठेवावी. लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत प्रत्येक सोसायटीने आपल्या नळाची वाट शोधून सांगावी. पालिका भूमिगत गटारांची योजना आणील, तेव्हा रस्ता खोदला जाईल, धूळ उडेल, जोडणीचा खर्च मागितला जाईल आणि विरोधाच्या सह्या गोळा होऊ लागतील. त्या वेळी सह्या करण्याआधी योजनेचा नकाशा मागवून वाहिनी कोणत्या गल्लीपर्यंत येते, शुद्ध केलेले पाणी कोणत्या खाडीत किंवा तळ्यात सोडले जाते आणि गरीब कुटुंबांच्या जोडणीचा खर्च कोण उचलणार, हे वाचून पाहावे. पावसाळ्याला अवकाश असेल, तर त्याआधी एका रविवारी मिस्सानंतर चार जणांनी आपल्या गल्लीतील पावसाची गटारे कोरडी आहेत की वाहती, एवढे पाहून यावे.