बालीत बसून पुण्याची नोकरी: रीलमध्ये न दिसणारा व्हिसा, भाडं आणि भातशेती

समोर हिरवीगार भातखाचरं, टेबलावर लॅपटॉप, शेजारी नारळपाणी आणि खाली कॅप्शन: 'माझं आजचं ऑफिस'. इन्स्टाग्रामवर ही रील तुम्ही एकदा तरी पाहिली असेलच. दहापैकी आठ वेळा ती इंडोनेशियातल्या बाली बेटावरची असते, आणि त्यातही बहुतेकदा चांगू किंवा उबुडची. कमेंटमध्ये मराठी मंडळी एकमेकांना टॅग करत असतात, 'चल, राजीनामा न देताच जाऊ.'

राजीनामा न देता जाता येतं का? काही जणांना येतं. कोणाला येतं आणि कोणाला नाही, हे मात्र एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा समजला की त्या भातखाचरांचं काय चाललंय तेही कळतं.

60 हजार डॉलरची रेषा

एका देशाचा पगार घेत दुसऱ्या देशात राहणाऱ्या, कुठल्याही एका ऑफिसला बांधलेल्या नसलेल्या लोकांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. अशा लोकांसाठी इंडोनेशियाने 2024 मध्ये 'ई33जी' नावाचा रिमोट वर्कर व्हिसा आणला. मुदत एक वर्षाची, पुढे वाढवता येते. कंपनी इंडोनेशियाबाहेरची हवी, इंडोनेशियातल्या कोणाकडूनही पैसे कमवायचे नाहीत, आणि वार्षिक उत्पन्न किमान 60 हजार डॉलर हवं.

60 हजार डॉलर म्हणजे आपले 50 लाख रुपयांहून जास्त. पुण्यात किंवा ठाण्यात आयटीत पाच-सहा वर्षं काढलेल्या बहुतेकांचा पगार याच्या जवळपासही नसतो. रील बघून निघालेला मराठी तरुण इथेच अडतो, सिडनी किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा त्याच वयाचा तरुण आरामात पार होतो. काम कदाचित दोघंही एकाच प्रोजेक्टवर करत असतील!

हीच रेषा आता बालीच्या बाजूने बघा. चांगू ज्या बाडुंग जिल्ह्यात येतं, तिथलं 2025 चं किमान वेतन महिन्याला साधारण 35 लाख रुपिया होतं. आकडा मोठा वाटतो, पण इंडोनेशियन रुपियाची किंमतच इतकी कमी आहे की त्याचे आपले 18-19 हजार रुपये होतात. व्हिसाची अट महिन्याला 5 हजार डॉलरची, म्हणजे 8 कोटी रुपियांच्या पुढे. नारळपाणी आणून देणाऱ्या मुलाच्या किमान वेतनाच्या वीस पटीहून जास्त कमावणारा माणूसच त्या टेबलावर कायदेशीरपणे लॅपटॉप उघडू शकतो.

'बाली स्वस्त आहे' या वाक्याचा खरा अर्थ हा आहे. बेट स्वस्त नाही, तिथल्या माणसाचा पगार कमी आहे.

अट इतकी वर ठेवायलाच हवी असं नाही. मॉरिशस, जिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज आहे, तिथल्या प्रीमियम व्हिसासाठी महिन्याला 1,500 डॉलर उत्पन्न मागतात. बालीच्या अटीच्या एक तृतीयांशही नाही. इंडोनेशियाने रेषा वर ओढली, कारण त्यांना मोजके पण जास्त खर्च करणारे पाहुणे हवे आहेत.

मग एवढे भारतीय तिथे कसे?

2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत बालीत आलेल्या परदेशी पर्यटकांमध्ये ऑस्ट्रेलियानंतर भारताचा नंबर होता. यातले बहुतेक हनिमून, ग्रुप टूर किंवा सुट्टीवाले. पण काही जण दोन महिने लॅपटॉप घेऊन राहतात, आणि ते येतात साध्या 'व्हिसा ऑन अरायव्हल'वर. 5 लाख रुपिया, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये भरायचे, 30 दिवस मिळतात, आणखी 30 दिवस एकदा वाढवता येतात. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख रुपियांचा वेगळा पर्यटक कर आहे.

हा व्हिसा फिरण्यासाठी आणि मीटिंगसाठी आहे, नोकरीसाठी नाही. हॉटेलच्या खोलीतून ऑफिसच्या ईमेलला उत्तर दिलं म्हणून कोणी दारावर येत नाही, हे खरं. पण तिथेच फोटोग्राफी, योगाचे क्लास, सर्फिंगची शिकवणी, स्कूटर भाड्याने देणं असं काही सुरू केलं, की तो स्थानिकांच्या पोटावर पाय असतो आणि तक्रारी होतात. यातून अनेक परदेशी लोकांना परत पाठवलं गेलंय. मार्च 2025 मध्ये गव्हर्नर वायन कोस्टर यांनी परदेशी पर्यटकांसाठी वागणुकीचं परिपत्रक काढलं, त्यातही परवान्याशिवाय काम किंवा धंदा करायला स्पष्ट मनाई आहे.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण जानेवारी 2021 मधलं. एका अमेरिकन तरुणीने ट्विटरवर लांबलचक थ्रेड लिहिला: लॉस एंजेलिसमध्ये घरभाडं 1,300 डॉलर होतं, बालीत 400 डॉलरमध्ये झाडावरचं घर मिळालं, तुम्हीही या. सोबत इथे कसं यायचं याचं ई-पुस्तक विकायला. तेव्हा महामारीमुळे इंडोनेशियाच्या सीमा परदेशी लोकांसाठी बंद होत्या आणि बालीत हजारो लोक बेकार झाले होते. इंडोनेशियन ट्विटर खवळलं आणि काही दिवसांतच तिची रवानगी झाली. लोकांचा राग तिच्या एकटीवर नव्हता. आपल्या बेटाची 'डील' म्हणून जाहिरात होतेय, आणि तीही आपल्या घरी चूल पेटत नसताना, हे त्यांना झोंबलं होतं.

बालीला हे लोक नको आहेत का?

इतकं सोपं नाही. 2020 मध्ये बालीची अर्थव्यवस्था 9 टक्क्यांहून जास्त आक्रसली. 2021 च्या संपूर्ण वर्षात सरकारी नोंदीत परदेशी पर्यटक होते पन्नासच्या आसपास. पन्नास हजार नव्हे, पन्नास. ज्या बेटावर ड्रायव्हरपासून फुलवाल्यापर्यंत सगळे पर्यटनावर जगतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. चार दिवसांच्या पर्यटकापेक्षा सहा महिने राहणारा, किराणा आणि लाँड्रीवर खर्च करणारा माणूस बरा, हा सरकारचा विचार त्यातूनच आला.

पुढे पर्यटक परतले ते पूर आल्यासारखे. 2024 मध्ये बेटावर 63 लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. बालीची स्वतःची लोकसंख्या 44 लाखांच्या आसपास. त्यात नोमॅड किती, तर थोडेच. पण आठवडाभर हॉटेलात राहणारा आणि वर्षभर व्हिला मागणारा, यांचा जमिनीवरचा भार सारखा नसतो.

'आर'चा हिशोब

गावाकडे सातबारा पाहिलेल्यांना 'हेक्टर-आर' हे शब्द माहीत असतील. बालीतही जमीन आरमध्येच मोजतात. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या गुंठ्याएवढीच जागा. 1960 च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. त्यामुळे बाजार चालतो भाडेपट्ट्यावर: 25-30 वर्षांसाठी, दर आरला दर वर्षी इतके रुपिया. दुसरी पळवाट म्हणजे कागदावर स्थानिक माणसाचं नाव आणि पैसा परदेशी. असे व्यवहार कायद्याने टिकत नाहीत, तरी होतात. (कुळाच्या नावावर जमीन लावण्याचे उद्योग आपल्याकडेही झालेत, त्यामुळे फार चकित व्हायचं कारण नाही.)

शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर हा सौदा नाकारणं कठीण आहे. मुलं हॉटेलात कामाला लागलेली, भाताला भाव बेताचा, आणि समोरचा माणूस तीस वर्षांचं भाडं एकरकमी देतोय. जमीन विकायचीही नाही, तीस वर्षांनी परत मिळणार. फक्त तेव्हा तिच्यावर काँक्रीट असेल आणि स्विमिंग पूल.

आणि इथे खरी अडचण सुरू होते, कारण बालीतलं भाताचं खाचर एकट्याचं नसतंच.

बालीत नवव्या शतकापासून 'सुबक' नावाची सिंचन व्यवस्था चालत आली आहे. खानदेशातली पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना ती लगेच समजेल. एका पाटावरचे सगळे शेतकरी मिळून एक सुबक. डोंगरातलं पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं आणि कोणाला कधी पाणी हे सगळे मिळून, जलमंदिराच्या साक्षीने ठरवतात. लावणी आणि कापणीचं वेळापत्रकही एकत्र ठरतं. मोठा पट्टा एकाच वेळी मोकळा राहिला की किडीला आणि उंदरांना खायला काही उरत नाही, म्हणून ही पद्धत धार्मिक आहे तितकीच व्यवहारीही आहे. 2012 मध्ये युनेस्कोने सुबकच्या निवडक भागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, सुमारे 19,500 हेक्टरचा तो पट्टा आहे.

आता या साखळीच्या मध्ये एक व्हिला उभा राहिला तर? पाट वळवावा लागतो, कधी तो बुजतो. खालच्या चार शेतकऱ्यांना पाणी कमी पडतं. त्यांचं पीक घटलं की तेही भाडेपट्ट्याला तयार होतात. एकाने सही केली की शेजाऱ्याची सही सोपी होते. रीलमध्ये दिसणारा हिरवा पट्टा हा अनेकदा अजून सही न झालेल्या शेतकऱ्याचा असतो, आणि 'भातशेतीचा व्ह्यू' असलेल्या व्हिलाचं भाडं त्याच्या जिवावर चढतं. त्याला त्यातला रुपियाही मिळत नाही.

सरकार झोपलेलं आहे असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये उबुडमधलं परदेशी रहिवाशांचं एक मोठं संकुल बंद करण्यात आलं, संरक्षित भातजमिनीवर बांधकाम केल्याचा आरोप होता. सप्टेंबर 2025 मध्ये बालीत मोठा पूर आला, डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कोस्टर यांनी उत्पादक शेतजमिनीवर नवीन हॉटेल-रेस्टॉरंटना परवाने देणार नाही असं जाहीर केलं. पण ज्या करारांवर आधीच सह्या झाल्यात, त्यांची 25-30 वर्षं संपायला अजून बराच अवकाश आहे.

गोव्यात आसगाव-शिवोलीच्या बाजूला महामारीनंतर दिल्ली-मुंबईच्या पगारांनी घरांचं काय केलं, हे तिथल्या भाडेकरूला विचारा. तिथे व्हिसाचा प्रश्न नाही, एवढाच फरक. त्या गोष्टीत मुंबई-पुण्याचे आपण सिडनीवाल्याच्या खुर्चीत असतो.

तरीही जायचंच असेल तर

आधी कंपनीला विचारा, लेखी. अनेक कंपन्यांना त्यांचा लॅपटॉप दुसऱ्या देशात उघडलेला चालत नाही. क्लायंटशी झालेल्या करारात डेटा कुठून हाताळायचा याची अट असते. कोणत्याही 12 महिन्यांत 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर इंडोनेशियाच्या करकायद्यात तुम्ही तिथले रहिवासी धरले जाऊ शकता. दोन महिन्यांसाठी हा प्रश्न येत नाही, पण 'बघू, आवडलं तर राहू' म्हणणाऱ्यांनी दिवस मोजत राहावं.

बाली भारताच्या अडीच तास पुढे आहे. सकाळी सर्फिंग करून आरामात लॉग-इन होतं, हे खरं. पण अमेरिकन क्लायंटचा रात्री 9 चा कॉल तिथे साडेअकराला येतो.

वर्षातल्या एका दिवशी तर काहीच येत नाही. न्येपी हे बालीतल्या शक वर्षाचं नववर्ष, शकगणना आपल्या शालिवाहन शकासारखीच इसवी सन 78 पासूनची. 2023 मध्ये गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी होते, 2026 मध्येही 19 मार्चला दोन्ही एकत्रच. आपण गुढी उभारतो आणि श्रीखंड खातो, ते चोवीस तास गप्प बसतात. विमानतळ बंद, रस्त्यावर यायला बंदी, दिवे मंद, आणि 2018 पासून मोबाईल इंटरनेटही बंद. पारंपरिक गस्तीवाले, ज्यांना 'पेचालांग' म्हणतात, ते फिरून बघतात. परदेशी पाहुण्यालाही सूट नाही. त्या दिवशी डेडलाइन ठेवू नका.

स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो नसताना अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करू शकतो, आणि चांगूच्या भातशेतातून जाणाऱ्या अरुंद शॉर्टकटवर गाड्या खाचरात पडण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

राहायला जागा शोधताना व्हिलाच्या मालकाला बांधकामाचा परवाना दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर समजून जा. दुसरा पर्याय म्हणजे बाली कुटुंबाच्या अंगणातल्या खोल्या, तिथे त्यांना होमस्टे म्हणतात. भाडं थेट त्या घरात जातं. वाय-फाय आधी तपासून घ्या, पण बहुतेक ठिकाणी कॉल व्यवस्थित चालतात. पूल नसतो, आणि सकाळी कोंबडा म्यूट करता येत नाही.