बॅटमॅन मोठा की आयर्न मॅन?

सुटी लागली आणि चार मुलं दिवाणखान्यात जमली, की हल्ली एक वाद हमखास रंगतो. बॅटमॅन मोठा की आयर्न मॅन? डीसीचे सिनेमे चांगले की मार्व्हलचे? आवाज चढतात, उशांची फेकाफेक होते. स्वयंपाकघरातून आपण विचारावं, “अरे, कशावरून भांडताय?” तर उत्तर ठरलेलं, “आई, तुला नाही कळायचं त्यातलं!” आपणही “बरं बाबा” म्हणून पुढच्या पोळीकडे वळतो.

पण मैत्रिणींनो, त्यातलं थोडं तरी आपल्याला कळायला हवं बरं का. कोणता सिनेमा दुसरीतल्या धाकट्याने पाहावा आणि कोणता थोरल्या कॉलेजवालीने, हे बहुतेक घरांत आपल्यालाच ठरवावं लागतं. नुसता पोस्टरवरचा रंगीत पोशाख पाहून ते ठरवायला गेलं तर चांगलीच फसगत होते.

आधी या दोन घराण्यांची ओळख करून घेऊ. दोन्ही अमेरिकेतली, आणि दोन्हींचा जन्म चित्रकथांच्या स्वस्त अंकांतून झालेला. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, बॅटमॅन १९३९ मध्ये. हे दोघे डीसीचे. स्पायडरमॅन १९६२ चा, तो मार्व्हलचा. सिनेमात मोठं यश आधी डीसीला मिळालं : १९७८ चा ‘सुपरमॅन’ आणि १९८९ चा ‘बॅटमॅन’. पण आपल्या मुलांचा जो वाद आहे, त्याला खरा जोर चढला तो २००८ साली. त्या वर्षी मे महिन्यात मार्व्हलचा ‘आयर्न मॅन’ आला आणि जुलैत ख्रिस्तोफर नोलनचा बॅटमॅनवरचा ‘द डार्क नाइट’. एक थट्टेखोर, चकचकीत. दुसरा काळोखा, गंभीर. तेव्हापासून चाहत्यांच्या दोन फळ्या उभ्या राहिल्या, त्या अजून हटायला तयार नाहीत.

मार्व्हलवाले सांगतात, आमच्या गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत. २००८ पासून बावीस सिनेमे जोडत जोडत २०१९ चा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ झाला, आणि त्याने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. डीसीवाले म्हणतात, पैशाचं काय घेऊन बसलात? आमच्या ‘डार्क नाइट’मधल्या जोकरच्या कामाबद्दल हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. त्यावर मार्व्हलवाले म्हणणार, आमच्या ‘ब्लॅक पँथर’ला तर थेट उत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं!

आता तुम्हीच सांगा, पुरणपोळी चांगली की मिसळ, या वादाचा निकाल कधी लागेल का? दोन्ही पदार्थ ताटातच वाढतात, म्हणून काही ते एका जातीचे होत नाहीत. या सिनेमांचंही तसंच आहे. ‘सुपरहिरो’ हा नुसता पोशाख आहे. त्या पोशाखाच्या आत सिनेमा निरनिराळ्या प्रकारचा असतो.

आपण ज्याला सरसकट ‘मारामारीचा सिनेमा’ म्हणतो, त्यातही किती घराणी! १९६२ पासूनचे जेम्स बाँडचे हेरपट वेगळे. ब्रूस लीचा १९७३ चा ‘एंटर द ड्रॅगन’ वेगळा. तिथे सगळी मौज हातापायांच्या कसबाची. १९८८ च्या ‘डाय हार्ड’मध्ये एकच माणूस एका उंच इमारतीत अडकून दरोडेखोरांशी झुंजतो. काउबॉयचे सिनेमे आणखी निराळे. सुपरहिरोंनी या सगळ्यांच्या घरी जाऊन जेवण केलं आहे म्हणा ना! ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ (२०१४) हा खरं म्हणजे हेरपट. ‘अँट मॅन’ (२०१५) ही चोरीच्या बेताची गंमत. ‘स्पायडरमॅन : होमकमिंग’ (२०१७) ही शाळकरी पोराची धांदल. ‘द डार्क नाइट’ हा पोलीस आणि गुन्हेगारांचा सिनेमा. त्यातल्या बॅटमॅनला दैवी शक्ती कसलीच नाही. आणि ‘लोगन’ (२०१७) हा थकल्याभागल्या जुन्या योद्ध्याचा, काउबॉय वळणाचा सिनेमा. त्यात तर ‘शेन’ हा १९५३ चा जुना काउबॉयपट टीव्हीवर चाललेला दाखवलाय.

या वादात थोरामोठ्यांनीही उडी घेतलेली आहे. २०१९ साली ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी म्हणाले, की मार्व्हलचे सिनेमे हा सिनेमाच नव्हे, ती जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणूक आहे. चाहते खवळले. गंमत अशी, की त्याच वर्षी डीसीचा ‘जोकर’ आला, आणि त्याचं वळण होतं स्कॉर्सेसींच्याच ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं (१९७६)! नाव बॅटमॅनच्या शत्रूचं, पण आत गोष्ट एका एकाकी, मनाने खचत चाललेल्या माणसाची.

आणि इथेच आपण आयांनी कान टवकारायला हवेत. ‘जोकर’ आणि ‘लोगन’ या दोन्ही सिनेमांना आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. ‘डेडपूल’लाही तेच. पण त्यांच्या नायकांची चित्रं मुलांच्या दप्तरांवर आणि टी-शर्टांवर असू शकतात! दप्तरावर आहे म्हणून सिनेमाही मुलांचाच असणार, असं धरून चालू नका.

प्रमाणपत्र सौम्य असलं तरी सगळं सुरळीत असतं असंही नाही. अमेरिकेत १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला. त्यात आपले अमरीश पुरी खलनायक होते, आणि ते एका माणसाचं काळीज हाताने उपटून काढतात असं दृश्य होतं. मुलांना घेऊन गेलेले पालक हादरले, ओरड झाली, आणि त्याच वर्षी तिथे ‘पीजी-१३’ नावाचा नवा वर्ग काढावा लागला. बहुतेक सुपरहिरो सिनेमे आज त्याच वर्गात बसतात. ‘डार्क नाइट’ही त्यातच बसला. पडद्यावर रक्त फारसं नाही, पण त्या जोकरची धास्ती लहान मुलाच्या मनातून आठ-आठ दिवस जात नाही. भीती काही रक्ताच्या थेंबांवर मोजता येत नाही.

आपल्याकडे २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ला वयाचे आकडे जोडले आहेत : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ‘ए’ सिनेमाला अठरा वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही. ‘यूए’च्या बाबतीत मात्र निर्णय पालकांवर सोडलेला आहे. म्हणजे तो आकडा पाहायचा कोणी? आपणच. त्याआधीच्या सिनेमांवर नुसतं ‘यूए’ असतं. तिथे शेजारच्या ताईला विचारा, नाहीतर आधी स्वतः अर्धा तास पाहून घ्या.

“पण हे सगळे मुलग्यांचे सिनेमे, मुलींना काय त्याचं?” असंही काहीजणी म्हणतात. त्यांना एवढंच सांगते. सुपरमॅनचा जन्म व्हायच्या तीन वर्षं आधी, १९३५ मध्ये, आपल्या मुंबईत वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ आला होता. तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, आणि अन्यायाचा समाचार घेणारी राजकन्या. ते काम करणारी नादिया घोड्यावरच्या कसरती स्वतः करायची. अमेरिकेची वंडर वूमन चित्रकथांत आली ती १९४१ मध्ये, आणि २०१७ चा तिच्यावरचा सिनेमा पॅटी जेंकिन्स या बाईंनी दिग्दर्शित केला. तेव्हा लेकीला या वादात हक्काने बसू द्या.

वाद मुळीच बंद करू नका. मात्र तो कसा चालतो यावर नजर ठेवा. चाहत्यांच्या वेडाचं एक उदाहरण देते. ‘जस्टिस लीग’ (२०१७) करत असताना मुलीच्या निधनामुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर यांना काम सोडावं लागलं. सिनेमा दुसऱ्याने पुरा केला, तो चाहत्यांना रुचला नाही. मूळ सिनेमा दाखवा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली, आणि २०२१ साली चार तासांचा तो सिनेमा खरोखरच प्रसिद्ध झाला. या मोहिमेत काहींनी भिन्न मताच्या लोकांना शिवीगाळ केली, धमक्या दिल्या. पण त्याच मोहिमेतल्या लोकांनी आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी लाखो डॉलरही जमवले. वेड एकच, पण एकाने त्यातून विष काढलं आणि दुसऱ्याने औषध.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या :

एक, सिनेमाला नेण्यापूर्वी “यात कोण हिरो आहे?” एवढ्यावर थांबू नका. “हा कसला सिनेमा आहे? हेराचा, गमतीचा, की भीतीचा?” असं विचारा. मुलं आनंदाने सांगतात, आणि सांगता सांगता त्यांचीच समज वाढते.

दोन, लहानग्याला काळोखाचे सिनेमे रात्री दाखवू नका. दुपारी, सगळे जवळ असताना दाखवा.

तीन, सात-आठ वर्षांखालचं मूल खरं-खोटं चटकन वेगळं करू शकत नाही. १९९७ पासूनच्या ‘शक्तिमान’ मालिकेत शेवटी मुलांना चार समजुतीच्या गोष्टी सांगत असत, ते उगीच नव्हे. उडणं हे दोऱ्यांचं आणि संगणकाचं काम असतं, हे स्वच्छ सांगा. आणि गळ्याला टॉवेल बांधून गच्चीकडे पळणारा दिसला, तर आधी टॉवेल सोडवा, समजूत मागाहून घाला.

चार, वाद फारच तापला तर मध्ये एकच प्रश्न टाका : “बाळांनो, कोण जास्त ताकदवान ते राहू द्या. त्या ताकदीचं त्याने केलं काय?” पाहा, उशा खाली ठेवून विचार करतात की नाही. आणि उत्तर आलं तर तुम्हीही तिथे दोन मिनिटं टेका. पोळ्या कुठे पळून जात नाहीत.