न काढलेला फोटो

चौऱ्याहत्तराव्या वर्षी फोटोग्राफीच्या वर्कशॉपला लाओसला निघाले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, शिकायला चाललीयस की शिकवायला?"

लुआंग प्रबांग हे मेकाँगकाठचं गाव १९९५पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पहाटे भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी रांगेने येतात आणि गावकरी त्यांच्या पात्रात मूठमूठ चिकट भात घालतात. लांब राहा, फ्लॅश वापरू नका, अशी सूचना मी वाचली होती. तरी माझा फ्लॅश उडालाच, तोही एका दहा-बारा वर्षांच्या भिक्खूच्या तोंडावर. त्याने डोळे मिटले आणि काही न बोलता तो पुढे गेला.

मला माझे वडील आठवले. माधुकरी मागून शिकले ते. त्यांच्या झोळीसमोर कुणी असा कॅमेरा धरला असता तर?

माझं मत विचाराल, तर अशा वर्कशॉपमधला पहिला धडा फोटो कधी काढू नये, हाच हवा. आम्हाला तो कुणी शिकवला नाही. त्या पोराने शिकवला. दुसऱ्या पहाटे कॅमेरा पिशवीत ठेवून मी रस्त्यापलीकडे नुसती बसले.

नात विचारत होती, "आजी, त्या दिवसाचे फोटो कुठेत?" तिच्यासाठीच हे लिहिलं.