वजन ड्रोनचं, भार आपला

गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या कपेलाचं फेस्त होतं. मिरवणूक निघताना मीच चुलतभावाला म्हणाले, “वरून एक शॉट घे ना, रील मस्त होईल.” त्याने स्वतः जुळवलेला, साधारण 600 ग्रॅमचा ड्रोन वर गेला आणि माडाच्या झावळीला अडकून खाली कोसळला. फुलं उधळणाऱ्या चिमुरड्या मुलींपासून जेमतेम दोन हातांवर. कोणाला लागलं नाही. सगळे हसले, बँड पुन्हा सुरू झाला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मी नियम वाचायला बसले.

आपल्याकडे ‘ड्रोन नियम, 2021’ लागू आहेत. त्यात वजनावरून पाच वर्ग केलेत: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, 150 किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला, तर त्यालाही नाही. म्हणजे माझ्या भावाला सर्टिफिकेटची गरज नव्हतीच. पण तोच ड्रोन लग्नाच्या शूटिंगला पैसे घेऊन उडवला असता, तर लागलं असतं.

इथेच माझा आक्षेप आहे. डोक्यावर पडणाऱ्या ड्रोनला, उडवणाऱ्याने पैसे घेतलेत की नाही, हे कुठे ठाऊक असतं? हवेचा अडथळा सोडला तर 30 मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीपाशी ताशी सुमारे 87 किलोमीटर वेगाने येते. हौस म्हणून वेग कमी होत नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक पोराला ट्रेनिंग स्कूलची फी भरायला लावणार का? नाही. तसं केलं तर हौसच मरेल, आणि इंजिनिअरिंगची मुलं शिकतात ती अशाच हौसेतून. पण युरोपियन युनियनमध्ये 250 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवणाऱ्या हौशी माणसालाही ऑनलाइन धडे घेऊन एक परीक्षा द्यावी लागते. असं काहीतरी आपल्याकडे, मायक्रो वर्गासाठी, फुकट आणि आपल्या भाषांत का असू नये?

कारण ‘सर्टिफिकेट नको’ याचा अर्थ आपण ‘नियम नाहीत’ असा लावतो. ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा लागतो. ग्रीन झोनमध्ये साधारण 400 फुटांपर्यंत मुभा आहे, पण विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. त्याहून जवळ गेलं तर आधी परवानगी. गोव्यात दाबोळी आहे, आता मोपाही आहे. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा आपल्यापैकी किती जण उघडतात? मी तर तोवर नावही ऐकलं नव्हतं.

सरकार परीक्षा घेईल तेव्हा घेईल. तोवर आपल्या मंडळाने एक करावं: हे नियम सोप्या मराठीत दोन पानांत लिहून कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावावेत. साहित्याच्या मुलांना एवढं नक्की जमेल. पहिला मसुदा मी देते.

यंदाच्या फेस्ताला भावाने ड्रोन घरीच ठेवला. शॉट मी कपेलाच्या पायऱ्यांवरून, मोबाईलवर घेतला. वाईट नाही आला.