सातबारा कोणाच्या नावावर?

स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे राहिलेले एखादे संकेतस्थळ जुने झाले, मंद चालू लागले, की ते नव्याने बांधण्याचा विचार सुरू होतो. बैठकीत चर्चा होते ती रंगाची, मुखपृष्ठाची आणि खर्चाची. नव्या कोडची मालकी कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न हाच आहे.

विकिपीडियाचे उदाहरण पाहा. जानेवारी २००१ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा क्लिफर्ड ॲडम्स यांच्या 'यूजमॉडविकी' या मुक्त सॉफ्टवेअरवर चालत होता. लेख डेटाबेसमध्ये नव्हे, साध्या फाइलींत साठवले जात. लिहिणारे वाढले आणि ही व्यवस्था अपुरी पडू लागली. तेव्हा काम कोणा बड्या कंपनीला दिले गेले नाही. मॅग्नस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने नवा कोड लिहिला आणि २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी विकिपीडिया त्यावर गेला. वाढत्या भाराखाली तोही थकला, तेव्हा ली डॅनियल क्रॉकर यांनी तो पुन्हा लिहून काढला. जुलै २००२ मध्ये तो वापरात आला. पुढे २००३ मध्ये त्याला 'मीडियाविकी' हे नाव मिळाले. मराठी विकिपीडियाही आज त्यावरच चालतो.

सहा महिन्यांत दोनदा घर बांधले, तरी बिऱ्हाड रस्त्यावर आले नाही. का? कोड खुला होता. पहिल्याचे काम दुसऱ्याला वाचता आले, तपासता आले. माणूस बदलला म्हणून काम अडले नाही.

याच काळात दुसरी एक घटना घडली. विकिपीडियाचा खर्च तेव्हा बोमिस ही कंपनी करीत होती. जाहिराती घेण्याची भाषा होताच, फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियातील अनेक स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली. आपले लेख घेऊन त्यांनी 'एन्सिक्लोपीडिया लिब्रे' हा स्वतंत्र ज्ञानकोश उभा केला. मजकूर आणि सॉफ्टवेअर दोन्हींचा परवाना मुक्त असल्याने त्यांना कोणी अडवू शकले नाही. पुढे विकिपीडियाने जाहिराती घेतल्या नाहीत आणि जून २००३ मध्ये ना-नफा विकिमीडिया फाउंडेशन स्थापन झाले. निघून जाण्याचा हक्क असतो, तिथेच राहणाऱ्याच्या शब्दाला किंमत असते!

आता आपला कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण स्वयंसेवक नोकर नव्हे. त्याने लिहिलेल्या कोडचा हक्क त्याचाच राहतो. लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय तो संस्थेकडे येत नाही. सारे काही तोंडी भरवशावर चालले असेल, तर उद्या मतभेद होताच वाद उभा राहणार. म्हणून जीपीएलसारखा मुक्त परवाना पहिल्याच दिवशी लावावा. त्यात लेखकाचा हक्क राहतो आणि कोड वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची मुभा सर्वांना मिळते. बदललेला कोड जो वाटेल, त्यालाही त्याच अटी पाळाव्या लागतात.

काहीजण म्हणतील, कोड खुला केला तर कोणीही आत शिरेल. हा गैरसमज आहे. कोड खुला करणे म्हणजे सभासदांची नावे, फोन क्रमांक आणि पासवर्ड खुले करणे नव्हे. ते कडीकुलपातच हवेत.

जुने दप्तरही जपले पाहिजे. यूजमॉडविकी जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसत असे. त्यामुळे विकिपीडियाच्या पहिल्या महिन्यांचा बराच इतिहास हरवला होता. डिसेंबर २०१० मध्ये जुन्या बॅकअप फाइली सापडल्या, म्हणून तो परत मिळाला. प्रत्येक संस्थेचे असे दैव बलवत्तर नसते.

छापखाना स्वतःचा हवा, हे चळवळीला कोणी शिकवायला नको. तोच न्याय संकेतस्थळाला लावा. नवे बांधकाम सुरू करण्याआधी ठराव करा: परवाना लेखी आणि मुक्त हवा, डोमेन व सर्व्हर संस्थेच्या नावावर हवेत, किल्ल्या किमान तिघांकडे हव्यात आणि जुन्या नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. राबणारे आपण असू, तर सातबाराही आपल्याच नावावर हवा!