दम संपेल तिथे थांबायचं?

समजा, कारखान्यात पाटी आहे : ‘मशीनला हात लावू नका, ती चालू असताना.’ कुणी पहिल्या चार शब्दांवरच थांबलं तर? भोसरीपासून चाकणपर्यंत एकही जॉब निघणार नाही! शब्द तेच, थांबायची जागा चुकली आणि अर्थ फिरला.

कुरआन मोठ्याने पढताना हेच होऊ शकतं. नशेत असताना नमाजकडे जाऊ नये, असं चौथ्या सूरहची ४३वी आयत सांगते. पण अरबीत मनाई आधी येते, नशेची अट नंतर. मध्येच थांबलात तर नमाजच बंद! म्हणून तजवीदमध्ये ‘वक्फ’ म्हणजे थांबण्याचे नियम आहेत. (वक्फ बोर्डातला शब्द तोच, विषय वेगळा.) बाराव्या शतकातल्या सजावंदींनी ठरवलेल्या खुणा आपल्याकडच्या छापील प्रतींत आजही ओळीवर बारीक अक्षरांत दिसतात. ‘मीम’ असेल तर थांबायचंच. ‘जीम’ असेल तर थांबलं तरी चालतं. आयतीच्या मध्ये ‘ला’ असेल तर थांबायचं नाही. दम तुटलाच तर एक-दोन शब्द मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं.

मकतबमध्ये आपण हे शिकतो. पण अर्थ माहीत नसला की खुणा सिग्नलसारख्या होतात, पोलीस नसेल तर तोडायच्या! रमजानमध्ये चर्चा कशाची, तर कुणाचे किती पारे झाले याची. मोबाइलवरच्या कारींचा लांब श्वास आपण कॉपी करायला जातो आणि भलत्याच जागी धापा टाकतो.

‘सेकंड शिफ्ट करून आल्यावर एवढं कोण बघणार?’ असं मित्र म्हणतात. मान्य. मग कमी पढा ना! पाच आयती घ्या. आधी त्यांचा मराठी किंवा उर्दू अर्थ वाचा, मग खुणा बघा, मग पढा.

हा बारीकसारीक विषय नाही. तिसऱ्या सूरहच्या सातव्या आयतीत कुठे थांबावं, यावर विद्वानांत जुना मतभेद आहे. गूढ आयतींचा अर्थ फक्त अल्लाह जाणतो, की ज्ञानात मुरलेली माणसंही? उत्तर एका वक्फवर बदलतं.

म्हणून मौलानांना एक विनंती. खूण शिकवताना, ती चुकली तर अर्थाचं काय होतं, तेही सांगा. पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत.