आई-पप्पांना परदेशात सरप्राइज जेवण द्यायचंय? आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

मे महिन्यात आमच्या आई-पप्पांच्या लग्नाला ३० वर्षं झाली. दोघं टूरच्या ग्रुपबरोबर दुबईत होते आणि मी इथे सिडकोतल्या घरी, हातात मोबाइल घेऊन. मी एका हॉटेलात खिडकीजवळचं टेबल बुक केलं, केक सांगितला, त्यांना न्यायला गाडी पाठवली. रात्री साडेआठला फोटो आला. दोघं हसताहेत, मागे उंच इमारतींचे दिवे. मी लगेच स्टेटस ठेवलं.

पंधरा दिवसांनी मावशीकडून कळलं की त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवायला दहा वाजून गेले, तोवर आईने ताटाला हात लावला नाही. ती जेवत नाही म्हणून पप्पांनी नुसत्या सूपवर भागवलं. पप्पांना शुगर आहे. "पोरीने एवढ्या हौसेने केलं, तिला कुठं सांगत बसायचं," असं आई मावशीला म्हणाली होती.

टेबल, केक, गाडी सगळं वेळेवर झालं होतं. मी इंजिनिअर आहे, यादी करून काम करते. फक्त ज्यांच्यासाठी यादी केली, त्यांना एक प्रश्न विचारायचा राहिला.

माझं मत आता स्पष्ट आहे. सरप्राइज देताना आपण समोरच्याचा 'नको' म्हणायचा हक्क थोडा वेळ काढून घेतो. मित्रांमध्ये ते चालतं, कारण मित्र तोंडावर बोलतात. आपले आई-वडील मुलांनी केलेल्या गोष्टीला नाव ठेवत नाहीत, गैरसोय गिळून फोटोत हसतात. म्हणून निर्णय त्यांना विचारून घ्या आणि लपवायचा तो फक्त आनंद.

काय लपवू नये?

प्रवास. पासपोर्टसाठी त्यांना स्वतः केंद्रात जावं लागतं, अनेक देशांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसेही द्यावे लागतात. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे ना, हेही आधी बघा, बरेच देश ते मागतात. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्या लागतात. आपल्याकडे सहज मिळणारी काही वेदनाशामक औषधं अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

जेवणाची वेळ कशी ठरवायची?

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे रात्री आठ म्हणजे पप्पांच्या पोटाला साडेनऊ. सिंगापूर अडीच तास पुढे, त्यामुळे तिथे साडेसातला जेवायला बसवलं तर आपल्या हिशेबाने संध्याकाळचे पाचच वाजलेले असतात. चार-पाच दिवसांच्या टूरमध्ये शरीराचं घड्याळ पूर्ण बदलत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मग उपवास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, चातुर्मासातला कांदा-लसूण. चंद्रोदयाची वेळ प्रत्येक शहराची वेगळी असते, आपल्या कॅलेंडरातली वेळ तिथे लागू होत नाही. त्या शहराचं नाव टाकून शोधा.

'व्हेज' लिहिलं की झालं का?

नाही. थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतो. तिथे 'जे' नावाचा एक प्रकार असतो, त्यात मांस, अंडी, दूध नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. दुबईत करामा आणि मीना बाजार भागात भारतीय शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत. लंडनच्या हाऊन्स्लोमध्ये २०१० पासून 'श्रीकृष्ण वडापाव' आहे. उंच इमारतीतल्या महागड्या टेबलापेक्षा ओळखीची चव त्यांना जास्त आवडेल का, हे त्यांनाच विचारलेलं बरं.

बिल कोण भरणार?

आई-वडिलांसमोर मेनूकार्ड ठेवलं की ते दिऱ्हमचे रुपये करतात आणि सगळ्यात स्वस्त पदार्थ मागवतात. म्हणून पदार्थ आधी ठरवा आणि शक्य असेल तर पैसेही आधीच भरा.

इथे एक अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशात वापरण्यासाठी सुरू असतं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावा लागतो. काम झाल्यावर तो बंद करा. बँका परकीय चलनावर साधारण दोन ते साडेतीन टक्के शुल्क लावतात, त्यावर जीएसटी वेगळा. अमिराती, सिंगापूर, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथे काही ठिकाणी यूपीआय चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सुविधा आधी सुरू करून ठेवा.

घरचा खाऊ पाठवायचा का?

पाठवा, पण खसखस तपासा. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही ती नेता येत नाही. आपल्या अनारशांवर ती असते, काळ्या मसाल्यातही अनेक घरी पडते. वाढदिवसाचे अनारसे विमानतळावर महागात पडू शकतात.

मग सरप्राइज उरलं कशात?

बरंच उरतं. तारीख, वेळ, शहर, जेवणाचा प्रकार त्यांना माहीत असू द्या. त्या टेबलावर काय घडणार, ते लपवा. तिथे राहणारा एखादा भाचा किंवा जुना शेजारी अचानक समोर येऊ शकतो. जेवणानंतर गावाकडच्या मामाचा व्हिडिओ कॉल लावता येतो. लग्नपत्रिकेचा फोटो हॉटेलला पाठवून मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर छापायला सांगता येतो. याला फार पैसे लागत नाहीत आणि यात कुणाची गोळी किंवा उपवास चुकत नाही.

मुलं पुण्यात, बंगळुरूत, परदेशात गेली की आई-वडिलांसाठी काही करायचं ते बहुतेक मोबाइलवरूनच होतं. ते वाईट नाही. पण बुकिंगच्या ॲपवर आईचा उपवास दिसत नाही. तो कळायला फोन करावा लागतो.

मागच्या आठवड्यात मी आईला सगळं विचारलं. ती आधी लाजली, मग मावशीवर रागावली. पुढच्या वर्षी परत जाणार का, म्हटल्यावर म्हणाली, "जाऊ की. तारीख मात्र मी सांगेन."